पोरं तिच्याकडे तोंड करून बसायची

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी करतो. बायको जाऊन अजून वर्ष व्हायचंय. सकाळी उठल्यावर तिची आठवण आली की आधी रडू येतं आणि त्याच्या मागोमाग हेवा येतो. दोघं जोडीनेच येतात, नवराबायकोसारखे.

तेराव्याला सगळे जमलेले. मुलगी जावयाला घेऊन आलेली, मुलगा-सून होते, नातवंडं होती. गोडाचं जेवण झालं, पाहुणे गेले, घरचेच उरलो. तेव्हा बोलणं निघालं तिच्या तीनचाकीचं. तीनचाकी म्हणजे माल वाहायची सायकल. पुढे दोन चाकं, त्यांच्यावर लाकडाची मोठी पेटी, मागे एक चाक आणि चालवणाऱ्याची सीट. आमची दोन्ही पोरं त्या पेटीत बसून शाळेत गेली. मुलगी सांगत होती, आई कशी लुगडं कसून पॅडल मारायची. मुलगा उभा राहून तिची नक्कल करत होता, मान कशी वाकडी करायची, "बाजूला हो रे मेल्या" कशी ओरडायची. नातवंडं हसून लोळत होती. मोठी माणसं हसता हसता डोळे पुसत होती. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. वाट बघत होतो, आता माझं नाव येईल, मग येईल.

मुलगा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही बघितलेलं का कधी आईला गाडी चालवताना?"

जसा काय मी शेजारचा.

अरे, ती सायकल मी पण मारलीय. तुमची दोघांची धुडं मी पण ओढलीत, बांधाचा चढ चढून, कंपनीत जायच्या आधी. पण हे सगळं माझ्या तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. बायकोच्या तेराव्याला माणूस असं कसं बोलेल? म्हणून आता लिहितो. चौथी शिकलोय, पुढे बापाबरोबर मिठागरात गेलो, मग डोंबिवलीला कापड रंगवायच्या कंपनीत लागलो. अक्षर वाकडं येतं. असू दे. झालेलं तर सरळच सांगणार आहे.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. आमचं गाव डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे. तेव्हा गावच होतं. आमची जात आगरी. शेतं होती, बांध होते, आणि बांधापलीकडे एकेक बिल्डिंग उगवायला लागलेली. बायको सुकी मासळी विकायची. सुकट, बोंबील, वाकट्या. डोक्यावर टोपली घेऊन स्टेशनकडच्या बाजारात चालत जायची. पोरं गावातल्या शाळेतून काढून आम्ही शहरातल्या शाळेत घातलेली, तीही तिच्यासोबत चालत जायची. मुलगी दुसरीत, मुलगा बालवाडीत. मुलगा निम्म्या वाटेत बसकण मारायचा. मग डोक्यावर टोपली, कडेवर पोरगा, आणि पोरगी पदराला. तिची मान कायमची धरली.

तिचं माहेर दिवा गावचं. तिचा धाकटा भाऊ ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका सोडावॉटरच्या दुकानात बाटल्या पोचवायचा. दुकानाने टेम्पो घेतला आणि ही तीनचाकी अडगळीत पडली. त्याने मालकाकडून बहिणीसाठी ती मागून घेतली आणि कळवा, मुंब्रा, शीळ करत एकटा चालवत आणली. सकाळी निघालेला तो दिवस कलताना आला. शर्टाला मीठ फुटलेलं.

अख्खं गाव बघायला जमलं. पोरं आधीच पेटीत उड्या मारून बसलेली. मी म्हटलं, व्हा बाजूला. मी सायकलवर लहानपणापासून. दोन्ही हात सोडून चालवायचो, मागे माणूस बसवून चालवायचो. ही तर तीन चाकांची, पडायची पण नाही. बसलो, पॅडल मारलं, आणि गाडी सरळ डाव्या हाताच्या नाल्यात. मी, दोन पोरं, पेटी, सगळे चिखलात.

लोकांचं हसणं थांबेना. मेव्हणा पोरं बाहेर काढत म्हणाला, "भावोजी, हिचा तोल नाय सांभाळायचा. नुसतं हँडल फिरवायचं."

"मग मी काय करत होतो?"

"तुमी अंग कलवत होता. दोन चाकांची सवय. ही कलत नाय, सरळ खड्ड्यात जाते."

हे खरं आहे. ज्याला दुचाकी येते त्याला तीनचाकी येत नाही. वळताना अंग आपोआप झुकतं आणि हात हँडल फिरवायचं विसरतात. माझ्यावर हसलेले दोघं-तिघं सायकलवाले माझ्यानंतर बसले आणि एकामागून एक त्याच नाल्यात गेले. नाल्यातल्या बेडकांनी घर बदललं असेल.

बायकोने तोपर्यंत जन्मात सायकलला हात लावलेला नव्हता. ती म्हणाली, "बघू मी." कोणीतरी म्हणालं, अगं राहू दे. ती सीटवर बसली. आमच्याकडे बायका गुडघ्यापर्यंत लुगडं कसून नेसतात, त्यामुळे पाय मोकळे. देवळापर्यंत गेली, वळली, परत आली. पोरं पेटीत टाळ्या वाजवत होती.

"त्यात काय हाय?" ती उतरत म्हणाली. "जात्यावर बसायचं नि फिरवायचं."

तिला कलायची सवयच नव्हती, म्हणून जमलं. मला येत होतं म्हणून जमलं नाही. हा काय न्याय झाला? मी त्या दिवशी हसलो सगळ्यांबरोबर. पण आत कुठेतरी तेव्हाच ठिणगी पडली.

मग रोजचं सुरू झालं. पेटीत खाली मासळीच्या टोपल्या, वर आडवी फळी, फळीवर दोन पोरं. आधी शाळा, मग बाजार. पोरांच्या कपड्यांना सुकटाचा वास यायचा, वर्गात चिडवायचे, पण पोरांनी एकदासुद्धा चालत जातो म्हटलं नाही. मी पाळीत काम करणारा माणूस. पहिली पाळी असली की अंधारात निघायचो, तिसरी असली की सकाळी येऊन झोपायचो. सगळं माझ्या पाठीमागे चाललेलं.

संध्याकाळी जेवायला बसलो की मला कळायचं, ह्या तिघांचं काहीतरी वेगळं गाव आहे. पोरगा भात कालवता कालवता म्हणायचा, "आई, निळा लेंगा!" आणि तिघं फिसकन हसायची. पोरीच्या नाकातून पाणी यायचं.

"कोण निळा लेंगा?" मी विचारायचो.

"काय नाय, बाबा."

"अरे सांग ना."

"तुमाला नाय कळणार ते," बायको म्हणायची, आणि परत तिघं हसायची.

मी घरात पगार आणणारा माणूस, आणि माझ्याच ताटासमोर मला कळणार नाही असं काहीतरी चाललंय.

तोवर मी पण तीनचाकी शिकलो होतो. शिकायला बरेच दिवस लागले, पण शिकलो. म्हणून दुसरी पाळी असली, म्हणजे दुपारी कामावर जायचं असलं, की मी म्हणायला लागलो, "सकाळी पोरांना मी नेतो. टोपल्या पण नेतो. तू मागाहून आरामात ये."

"न्या की," ती म्हणायची. "मी कवा नको बोलले?"

मी नेताना पोरं रस्त्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसायची. मला वाटायचं, पेटीत असंच बसतात. मला दिसायची फक्त दोन डोकी. एकाला तेल चोपडलेलं, एकीच्या दोन वेण्या लाल रिबिनीच्या. मी विचारायचो, "शाळा कशी चाललीय?" पुढून यायचं, "बरी." "बाई मारतात काय?" "नाय." मग काय विचारायचं ते मला सुचायचं नाही. पहिलं वळण गेलं की दोन्ही डोकी डुलायला लागायची आणि पेटीच्या कडेला टेकून दोघं गाढ झोपायची. शाळेच्या फाटकापाशी मी हलवून उठवायचो. निळा लेंगा नाही, हसणं नाही, काही नाही. बाजारात टोपल्या पोचवणाऱ्या हमालात आणि माझ्यात फरक एवढाच की हमालाला कोणी बाबा म्हणत नाही.

एकदा कंपनीच्या सुट्टीच्या वारी मी सकाळी डांबरी रस्त्यावर चहाच्या टपरीवर बसलेलो. आणि समोरून आमची तीनचाकी येताना दिसली. मला आधी ओळखूच आली नाही, कारण पेटीतून माझ्या पोरांची तोंडं दिसायच्याऐवजी पाठी दिसत होत्या. पोरं उलटी बसलेली. रस्त्याकडे पाठ, आईकडे तोंड. गुडघे जवळजवळ हँडलला लागलेले.

मी टपरीच्या खांबाआड झालो. का झालो, मलाही माहीत नाही.

"आई, ट्रक! लांब हाय!" पोरगी ओरडली.

"केवढा?"

"मोठा! आला, आला, घे बाजूला!"

बायकोने हँडल फिरवलं, तीनचाकी कडेला आली, ट्रक गेला. "गेला!" पोरगी म्हणाली. मग पोरगा किंचाळला, "निळा लेंगा!" आणि मागून एक दूधवाला भैया सायकलवरून घंटी वाजवत आला. निळा लेंगा, दोन्ही बाजूंना बरण्या. तो पुढे जाताना पोरांना म्हणाला, "क्या रे पुलिसवाले, सब ठीक?" पोरांनी त्याला सलाम ठोकला. बायको हसली. अशी तोंड भरून हसली की मला एकदम तिचा लग्नातला चेहरा आठवला. ते हसणं दोन पोरं रोज एवढ्या जवळून बघत होती. आणि मी खांबाआड.

आता एक सांगायचं राहिलं. बायकोला उजव्या कानाने ऐकू यायचं नाही. लहानपणी तापात गेला तो कान. घरात आम्हाला सवय होती, तिच्या डाव्या बाजूला बसून बोलायचं. पण रस्त्यावर गाड्या मागून उजव्या बाजूनेच पुढे जातात. म्हणून तिने पोरांना उलटं बसवलेलं. पोरं तिचा कान होती. मागे काय येतंय ते पोरांनी सांगायचं आणि तिने गाडी बाजूला घ्यायची. त्यातून सगळी गंमत, ते तिघांचं वेगळं गाव, निळे लेंगे.

हे टपरीवर मला एका क्षणात कळलं. कोणी म्हणेल, मग तुला तिची दया आली असेल. नाही आली. मला वाटलं, साला माझा कान का नाही गेला? मला दोन्ही कान धड, म्हणून माझ्या वाट्याला झोपलेली डोकी.

पुढची दुसरी पाळी लागल्याबरोबर मी पोरांना म्हटलं, "उलटं बसा."

"का?" पोरगी.

"आईच्या वेळी बसता ना?"

"आईला ऐकू नाय येत म्हणून."

"मग मला पण सांगा मागून काय येतंय ते. बसा."

बसली. पहिल्यांदा दोघांची तोंडं माझ्याकडे. मला एवढा आनंद झाला की पॅडल हलकं वाटायला लागलं. पोरगा इमानदारीने म्हणाला, "रिक्षा."

"ऐकली मी."

"बस येतेय."

"हां, ऐकली."

"सायकल."

"घंटी वाजली ना, ऐकली."

पोरगा म्हणाला, "मग विचारता कशाला?"

नंतर दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी पण बघत होतो. शेवटी पोरगी पुढे वाकून नीट बघत म्हणाली, "बाबा, तुमच्या नाकातले केस निळे झालेत."

कंपनीत रंगाची भुकटी उडायची, नाका-कानात जायची. तेवढ्यावर पोरगा हसत सुटला. ते हसणं मी पदरात घ्यायला हवं होतं, निळ्या लेंग्यानंतर निळं नाक, चाललं असतं. पण मला राग आला. "गप बसा. फिरा पुढे," मी ओरडलो. फिरली. आणि वळण यायच्या आत झोपली.

त्या दिवशी बाजारात मी टोपल्या उतरवून बायकोसमोर ठेवल्या त्या जवळजवळ आपटल्याच.

"काय झालं?" तिने विचारलं.

"तुझी पोरं माझ्या गाडीत झोपतात."

"झोपतात?" ती बोंबील मांडत होती, तिचा हात थांबला. "खरंच?"

"मग काय खोटं सांगतो? मेल्यासारखी झोपतात. तुझ्याशी बोलायला तोंड, माझ्याशी झोप."

तिने हातातला बोंबील खाली ठेवला. मग म्हणाली, "माझ्या गाडीत त्यांची पापणी नाय मिटत. पोरीला ताप होता तरी डोळे ताणून बसलेली, आई ट्रक, आई ट्रक. तुमी नेता तवा झोपतात नि तुमी रडता? मना द्या ती झोप. मी घेते."

मला वाटलं, ही माझी समजूत काढतेय. नाहीतर टोमणा मारतेय. तिचे टोमणे असेच असायचे, गोड करून दिलेले. बाजूची मटारवाली ऐकत होती. "ठेव तुझं तुझ्याकडे," म्हटलं आणि निघालो. आज वाटतं, कदाचित तिने मनापासूनच म्हटलं असेल. कदाचित. नक्की सांगायला ती नाही.

आणखी एक तो बांधाचा चढ. गावातून डांबरी रस्त्यावर यायला खाडीचा बांध चढावा लागायचा. लांब नव्हता, पण उभा होता. बायको नेताना पोरं तिथे उतरायची आणि मागून ढकलायची. "लावा रे जोर" म्हणत तिघं वर यायची, वर आल्यावर धापा टाकत एकमेकांना टाळ्या द्यायची. हे तेराव्याला मुलीने रंगवून सांगितलं, नातवंडांनी "लावा रे जोर" दहादा म्हणून घेतलं.

मी नेताना पोरांना उतरू द्यायचो नाही. पोरं उठायला लागली की मी म्हणायचो, "बसून राहा. माझ्या गाडीत उतरायचं नाय." मी सीटवरून उभा राहून पॅडल दाबायचो, डोळ्यापुढे काजवे चमकायचे, छाती फुटतेय असं वाटायचं, पण वर न्यायचो. पोरं दरसाल वाढत होती. मुलगी चौथीत गेली, पाचवीत गेली, तिचे गुडघे फळीवरून वर यायला लागले. मुलगा अंगाने थोराड. एकदा चढावर मागच्या चाकाची तार तुटली, टण्णकन आवाज आला, तरी मी थांबलो नाही. बापाने ओढायचं आणि पोरांनी बसायचं, मला तेवढीच रीत माहीत. माझ्या बापाने मिठाच्या गोणी ओढल्या, आम्ही नुसतं खाल्लं.

ढकलणं लक्षात राहतं. बसणं कोणाच्या लक्षात राहणार? हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी पण म्हटलं असतं, उतरा रे, लावा जोर. साधी युक्ती होती. तिला जमली.

मग पोरं मोठी झाली. मुलगी सातवीत गेल्यावर म्हणाली, मी मैत्रिणींबरोबर चालत जाणार. मुलगा पण थोड्या दिवसांनी उतरला. गावाच्या शेतांवर चाळी झाल्या, चाळींच्या बिल्डिंगा झाल्या, रिक्षा गावापर्यंत यायला लागल्या. तीनचाकीत नुसती मासळी राहिली. बायको एकटीच डावीकडून, अगदी कडेने, सावकाश चालवायची. मला, खोटं कशाला बोलू, तेव्हा जरा बरं वाटायचं. आता ना तुझी, ना माझी.

मुलीची दहावी आली. परीक्षेचं केंद्र पूर्वेला, कोपरच्या पुलापलीकडे. आणि एका पेपरच्या दिवशी नेमका रिक्षांचा बंद. सकाळी उठून बघतो तर नाक्यावर एक रिक्षा नाही. मी पटकन शर्ट चढवला, तीनचाकी बाहेर काढली आणि फळी पुसायला घेतली.

बायको टोपल्या उतरवत म्हणाली, "सरा. मी नेते तिला."

"पूल चढायचाय. तुला नाय जमणार. मी नेतो."

"मी येवढी वर्सं नेलं."

"मी पण नेलंय!"

"तुमी? दुसरी पाळी असली म्हंजे!"

"अगं, मग पहिल्या पाळीत कंपनी काय तुझा बाप चालवणार होता?"

शेजारी दार उघडून बघायला लागले. हँडलच्या एका बाजूला मी, एका बाजूला ती. पोरगी पट्टी-पेन घेऊन पायरीवर उभी. शेवटी ती खाली उतरली आणि म्हणाली, "सोडा. दोघंही सोडा."

आम्ही सोडलं.

"आई, तुला पुलावर उशीर होईल. बाबा, तुम्ही वाटेत कुणाशी तरी भांडाल." तिने ओढणी कमरेला बांधली आणि स्वतः सीटवर बसली. भावाला म्हणाली, "चल रे, तू बस. येताना गाडी तू आण."

मुलगा तेव्हा आठवीत, मिसरूड फुटायला आलेलं. तो पेटीत चढला आणि बहिणीकडे तोंड करून बसला. तिचं दप्तर मांडीवर घेतलं. दोघं निघाली. बांधाच्या चढावर तो उतरला, मागून जोर लावला, परत चढून बसला. तो काहीतरी बोलला, ती हसली, आणि गाडी बांधापलीकडे उतरून दिसेनाशी झाली.

मी आणि बायको रस्त्यात उभे.

मी तिच्याकडे बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी खांबाआड होतो, आज ती पण आली माझ्या शेजारी.

ती म्हणाली, "हिला तर दोन्ही कान धड हायेत ना?"

"हो."

"मग तो उलटा कशाला बसला?"

"मला काय विचारतेस?" मी म्हटलं. "मी हेच तर विचारत आलोय इतकी वर्षं."

ती रडता रडता हसायला लागली. पदराने नाक पुसलं. "मना ठाव हाय," म्हणाली, "तुमी जळता ते. पयल्यापासून ठाव हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तुमी आणखी जळला असता."

खरं होतं.

टोपल्या दारातच राहिलेल्या. बाजाराची वेळ झालेली, गाडी नाही, रिक्षा नाही. ती चुंबळ शोधायला लागली, टोपली डोक्यावर घ्यायला. पण तिची मान आता तसलं वजन घेण्यासारखी राहिली नव्हती. मी म्हटलं, "दे इकडे." आमच्या गावात पुरुष डोक्यावर टोपली घेत नाहीत. खांद्यावर कावड घेतील, पाठीवर गोण घेतील, पण डोक्यावरची टोपली बाईची. तिने माझ्याकडे बघितलं, चुंबळ माझ्या डोक्यावर बसवली आणि वर सुकटाची टोपली ठेवली. दुसरी लहान टोपली तिने कमरेला धरली. मी तिच्या डाव्या बाजूने चाललो.

नाक्यावर पत्ते खेळणाऱ्यांपैकी एक ओरडला, "काय गो वयनी, आज गाडी बदललीस?"

"नवी हाय," ती म्हणाली. "पन हिला ब्रेक नाय."

"नि हॉर्न?"

"हॉर्नच हाय नुसता."

मला हसता येईना. हसलो असतो तर टोपली खाली आली असती. सुकटाचा चुरा घामाबरोबर कानामागून मानेत उतरत होता. बाजारापर्यंत ती काय काय बोलत होती. माहेरचं, दिव्याच्या खाडीतलं, मुलीचं पुढे काय करायचं. मध्येच म्हणाली, "बांधावर उतरू का? ढकलू का मागून?" मी म्हटलं, "चल, गप." बाजारात पोचलो तेव्हा माझी मान तिच्या मानेसारखीच धरलेली. तिने टोपली उतरवली आणि पदराने माझं डोकं पुसलं, भर बाजारात. मटारवाली बघत होती. बघू दे म्हटलं. तसाच दुपारी कंपनीत गेलो, साथीदार म्हणाले, आज मासळीचा वास कुठून येतोय?

पोरांना ह्यातलं काही माहीत नाही. रात्री मी पाळीवरून आलो तेव्हा पोरं जागीच होती, मुलगी पेपर कसा गेला ते सांगत होती, मुलगा पुलावरून गाडी एकट्याने कशी उतरवली ते सांगत होता. आम्ही दोघं ऐकत होतो. ती माझ्याकडे बघून एकदा गालात हसली. पोरांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काय नाय. तुमाला नाय कळणार."

तेराव्याला हे सांगायला मी तोंड उघडलेलं. मग मिटलं. त्यांच्याकडे तिचं इतकं आहे, पेटीभर आहे, त्यांनी आपलं आपलं नातवंडांना वाटावं. हे एवढं मी का देऊ? इथे लिहिलंय, ते वाचतील तेव्हा वाचतील. तोपर्यंत माझ्या एकट्याचं आहे.